दारव्ह्यातली सगळ्यात वाईट गादी

जुबैदाखालाबद्दल दारव्ह्यात एक गोष्ट सगळ्यांना पक्की माहीत आहे. साऱ्या तालुक्याला गाद्यांवर झोपवणारी ही बाई स्वतः उघड्या फरशीवर झोपते. अडतीस वर्षं झाली, तिच्या पाठीला गादी लागलेली नाही. काहून, तर नवस. बाजाराच्या दिवशी मिरच्या विकणारी प्रभावती सांगते की नवस कळंबच्या चिंतामणीचा आहे. मशिदीमागच्या गल्लीत सांगतात की मन्नत दर्ग्याची आहे. यवतमाळच्या जीपमध्ये तर मी असंही ऐकलं की तिची एक बहीण होती, तरुणपणीच गेली, आणि तेव्हापासून ही अशी. पुढचं सांगणाऱ्या बाईला लोहाऱ्याला उतरायचं होतं, म्हणून बहीण कशाने गेली ते कळायचं राहून गेलं.

खालाला बहीण नव्हतीच. चार भाऊ आहेत आणि चारही ठणठणीत. नवस नाही, मन्नत नाही. खाला रोज गादीवरच झोपते. फक्त ती गादी दारव्हा तालुक्यातली सगळ्यात वाईट गादी आहे, आणि ती खालाच्याच हातची आहे.

नवसाची बातमी सोडली कोणी, तर तिच्या नवऱ्याने. हबीबचाचाने हे स्वतः कबूल केलं, तेही छाती पुढे काढून. “अब तू बता,” ते म्हणाले, “गादीवाल्याची बायको ढेकलांवर झोपते म्हणलं तर गिऱ्हाईक पळते. मन्नत म्हणलं तर हात जोडते. मग काय सांगावं माणसानं?”

दुकानावर पाटी चाचांच्याच नावाची आहे, हबीब गादी कारखाना. आत काम खालाचं. चाचा पिंजायचं यंत्र चालवतात, गाद्या ऑटोत टाकून पोचवतात आणि बोलतात. दाभण त्यांच्या हातात कोणी देत नाही. त्यांचे मामा, म्हणजे जमीरमामू, ज्यांनी हा कारखाना काढला, ते म्हणायचे की हबीबने दारव्ह्यात घातलेला टाक्याचा डोरा दिग्रसला जाऊन निघतो. म्हणून अठराव्या वर्षी लग्न होऊन घरात आलेल्या सुनेला त्यांनी दुसऱ्याच महिन्यात खोळीसमोर बसवलं. सुनेचा डोरा दोरी धरल्यासारखा सरळ गेला. मामूंनी भाच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि भाच्याला चहा आणायला पाठवलं.

खालाचं बोलणं ऐकायचं असेल तर गिऱ्हाईक आल्यावर ऐकावं. गिऱ्हाईक म्हणतं, परवा पायजे. खाला म्हणते, “होऊन जाते ना, बऽस.” गिऱ्हाईक म्हणतं, खोळ आखूड आहे, पण गादी मोठी पायजे. “होऊन जाते ना, बऽस.” त्या ‘बस’मधला अकार ती असा लांबवते की माणूस आपोआप उशांच्या ढिगावर टेकतो. ही ओळ मी इतकी हुबेहूब काढते की एकदा पडद्याआडून म्हटली तर चाचांनी बाहेरच्या माणसाकडून दोन लोडांची ऑर्डर घेऊनही टाकली. खाला त्या दिवसापासून मला मैना म्हणते.

तर यंदा आमच्या कॉलेजात करिअर मार्गदर्शन सप्ताह निघाला. अकरावीच्या प्रत्येकाला एक छापील कागद मिळाला. एखाद्या अनुभवी व्यक्तीला भेटा आणि विचारा, तरुणपणीचे तुम्ही आज तुमच्यासमोर आलात तर आयुष्याचे आणि कामाचे कोणते धडे त्यांना द्याल. खाली चार रेघा. सगळा वर्ग डॉक्टर, वकील आणि तहसील कचेरीतल्या साहेबांकडे गेला. मी रस्ता ओलांडून खालाकडे गेले.

खालाने कागद चष्म्याजवळ नेला, लांब नेला, मग चाचांना वाचायला दिला.

“म्हणजे मीच मले सांगायचं?” तिने विचारलं.

“हाव. एकोणीस वर्षांची जुबैदा अथी येऊन बसली असं समजा.”

“बसणार नाही ते पोट्टी,” खाला म्हणाली. “थे कोणाचं ऐकत नव्हती. मामू सांगून सांगून थकले, त्यायचं ऐकलं नाही, मायं काय ऐकते?”

मग ती मागच्या खोलीत गेली, पलंगावरची चादर तिने उचलली आणि मला बोलावलं. निळ्या पट्ट्यांची जुनी खोळ. वरून हात फिरवला तर नांगरलेल्या वावरावरून फिरवल्यासारखा. मधे खड्डा, कडेला गोळे, एका कोपऱ्यात तर नुसती खोळ. “हा धडा,” ती म्हणाली. “लिही.”

मी लिहिलं नाही, कारण गादीचा धडा कसा लिहायचा ते कळेना. म्हणून तिने गोष्टच सांगितली.

जुबैदा एकोणीस वर्षांची होती तेव्हाची. हात बसला होता. दारव्ह्यात तिच्या डोऱ्याचं नाव व्हायला लागलं होतं. जमीरमामू तेव्हा नागपूरला डोळ्याचं ऑपरेशन करायला गेलते, आणि दुकान पहिल्यांदाच एकट्या तिच्यावर होतं. अशात बापूजी आले. दिग्रस रोडवरच्या एका खेड्यातले शेतकरी, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, आणि बैलबंडीत पांढरीशुभ्र रुई. त्यांच्या मुलीचं, बेबीचं, लग्न ठरलं होतं. सीतादहीच्या दिवशी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून त्यांनी जी पहिली वेचणी केली होती, त्यातला निवडक कापूस त्यांनी बाजूला ठेवला होता. सरकी काढून त्याची रुई करून आणली होती.

“माझ्या पोरीच्या गादीत माझाच कापूस,” बापूजी म्हणाले. “जिनिंगवाला म्हणे, असा धागा त्यानं पाहिला नाही. विकला नाही मी.”

जुबैदाने चिमूट घेतली, मुठीत दाबली आणि मूठ उघडली. मामूंनी पहिल्याच दिवशी शिकवलेली परीक्षा होती ती. जी रुई मूठ उघडताच फुलून वर येते, ती गादीची. आखूड धाग्याची, जराशी खरखरीत, दिसायला मळकी. जी मुठीचा आकार धरून तशीच राहते, ती नाही. लांब धाग्याचा उंची कापूस कापडाला सोन्यासारखा, गादीत मात्र दोन महिन्यांत बसतो, गोळे धरतो. बापूजींची रुई तिच्या तळहातावर रेशमासारखी पडून राहिली. जराही उठली नाही.

तिला कळलं होतं. हे ती आजही पहिल्यांदा सांगते. नाही कळलं असं नाही, कळलं होतं. पण समोर बाप उभा होता, त्याने वर्षातली सगळ्यात चांगली गोष्ट विकायची सोडून लेकीसाठी आणली होती, आणि कापूस इतका पांढरा होता की तिलाच त्यात हात घालावासा वाटला. एवढ्या उंची कापसाची गादी दारव्ह्यात कोणी भरली नव्हती. तिच्या तोंडून निघून गेलं, “होऊन जाते ना, बसा.”

“म्हणजे तेव्हापासूनचं हे,” मी म्हटलं.

“तेव्हापासूनचंच,” खाला म्हणाली.

गादी देखणी झाली. लग्नात बायका तिच्यावर हात फिरवून गेल्या. संक्रांतीला बेबीताई माहेरी आली, ती गादी गुंडाळून बंडीत टाकूनच. तेव्हा ती सतरा-अठराची असेल. वडील बाजारात गेल्याचं पाहून ती दुकानात शिरली.

“मी तुमच्यावर रागावली नाही,” ती म्हणाली. “पण माझी सासू शेजारणीले सांगते का नवी सून वाकडी चालते. दोन महिने झाले, मी पोटावर झोपते, पाठीवर झोपते, काहीच करता येत नाही. काही करा. फक्त माझ्या बाबाले सांगू नका. थे सगळ्यायले सांगत फिरून राह्यले का माझ्या कापसाची गादी.”

जुबैदाने त्याच दुपारी तशाच कापडाची खोळ शिवली, आखूड धाग्याची साधी रुई भरली, आणि संध्याकाळच्या आत बेबीताई नवी गादी घेऊन गेली. बापूजींना कधीच कळलं नाही. लेकीच्या घरी गेले की ते त्या गादीवर आडवे व्हायचे, तिच्यावर थापट्या मारायचे आणि जावयाला म्हणायचे, “पाहा, कापूस असा पायजे.” बेबीताई दर बाजाराला येऊन ही थापटी जुबैदाला करून दाखवायची आणि दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. बापूजी जाऊन आता बारा वर्षं झाली. थापटीची नक्कल खालाने मला शिकवली आहे. पालथा हात, तीनदा, तिसरी जोरात.

जुनी गादी जुबैदाने फेकली नाही. त्याच दिवशी पलंगावर टाकली.

“कायले पण?” मी विचारलं. “लक्षात ठेवायले भिंतीवर टांगायची. झोपायची काय गरज?”

“भिंतीवरचं कोण पाह्यते, व मैना? दोन दिवसांनी ते कॅलेंडरसारखं होते.” तिने गोळ्यांच्या मधली आपली जागा दाखवली. तिथे अडतीस वर्षांत खोलगट साचा तयार झाला होता. “सकाळी उठली का पाठ सांगते. मग दिवसभर दुसऱ्याच्या पाठीचं ध्यान राह्यते.”

मी कागद पुढे केला. मग एकोणीसच्या जुबैदाला सांगायचं काय?

“नाही म्हण, असं सांगीन. मन लावून काम कर अन् मेहनत कर, थे तर ती करतच होती. गिऱ्हाईक चुकीचं सांगत असन तर तोंडावर नाही म्हण. बस. एकाच रेघेत होते. बाकीच्या तीन मोकळ्या राहू दे.”

“खाला,” मी म्हटलं, “तुम्ही आजही म्हणत नाही.”

यंत्रामागे चाचा हसले. खाला हसली नाही. तेव्हा कळलं की दुखतं कुठे आहे. त्याच सकाळी गोपालचा, बेबीताईच्या मुलाचा, फोन आला होता. दिपालीचं, त्याच्या बहिणीचं, लग्न ठरलं आहे. तो शनिवारी रुई घेऊन येतो आहे. घरच्या वावरातली, पहिल्या वेचणीची, निवडक. “आबाजीनं आईले देल्ली, मी बहिणीले देतो,” तो फोनवर म्हणाला होता, आबाजी म्हणजे बापूजी, आणि खाला म्हणाली होती, “ये ना, बऽस.”

“उस में क्या है,” चाचा म्हणाले. “त्याची रुई घे, दुसरी भर. एकदा केलंच आहे.”

“तेव्हा मी एकोणीसची होती,” खाला म्हणाली. “आता सत्तावन की हूँ. अब भी चोरी से भरूँ?”

आणि खरं सांगायचं तर खरं सांगायचीही सोय नव्हती. गोपालला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की बेबीताईने बापापासून, नवऱ्यापासून, पोरांपासून अडतीस वर्षं सांभाळलेलं खोटं भर दुकानात उघडं पडणार. हो म्हणायचं तर दिपाली पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोन महिने वाकडी चालणार. आईसारखी ती बंडीत घालून परत आणणार नाही, जिन्याखाली टाकून फोमची घेईल, आणि भावाने दिलेला कापूस तिथेच संपेल. खालाच्या आयुष्यात मैत्रीण म्हणावी अशी एकच, बेबीताई. ती दर साल तुरीच्या शेंगांचं पहिलं गाठोडं घेऊन येते. ते गाठोडं यंदा येईल की नाही, खाला एवढ्यासाठी दोन दिवस जेवली नाही.

“शनिवारी म्हणीन,” तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती म्हणाली.

“काय?”

“नाही.”

“पैज?”

“पैज.”

अटी चाचांनी ठरवल्या, कारण पंच तेच. खालाने गोपालच्या तोंडावर ‘नाही’ हा शब्द म्हणायचा. ‘पाहू’ चालणार नाही, खोकला चालणार नाही. नाही म्हटली नाही तर तिने कॉलेजच्या स्टेजवर येऊन चारही रेघा भरायच्या. म्हटली तर मी आठ दिवस कोणाचीच नक्कल करायची नाही. प्रभावतीची नाही, प्राचार्यांची नाही, जीपवाल्याची नाही. मी बिनधास्त हात पुढे केला. खाला ‘होऊन जाते’च म्हणते हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

शनिवारी दुपारी गोपाल आला. दोन पोती रुई, आणि मागून बेबीताई. तिने आत येताच खालाकडे पाहिलं आणि लगेच पंख्याकडे पाहिलं. चहा आला. गोपालने पोत्याचं तोंड सोडलं आणि मूठभर रुई काढून खालाच्या मांडीवर ठेवली, एखादं बाळ ठेवावं तशी.

“पाहा खाला. आबाजीच्या वेळचा कापूस मी काही पाह्यला नाही, पण त्याच्यापेक्षा कमी नसन. आई सांगते, त्या गादीवर झोप अशी लागे का कोंबडा आरडला तरी जाग नाही.”

“मी असं म्हणली नाही,” बेबीताई पंख्याला म्हणाली.

“दहादा म्हणली आई तू.”

खालाने रुई मुठीत दाबली. मूठ उघडली. रुई पडून राहिली, मऊ, पांढरी, अजिबात न उठणारी. गोपालने विचारलं, “पंधरा तारखेपर्यंत होईन ना?” आणि खालाचं तोंड उघडलं. “होऊन जा…” इथपर्यंत आलं. मी चाचांना बोट दाखवलं. चाचांनी हाताने थांब म्हटलं.

खालाने ते वाक्य गिळलं. दिसलं, घशातून खाली जाताना.

“गोपाल,” ती म्हणाली, “अंदर ये. आडवा हो.”

“आँ?”

“आडवा हो म्हणतो ना. लग्नघरात दमला असशीन.”

मागच्या खोलीत तिने चादर काढली आणि गोपालला त्या निळ्या पट्ट्यांवर झोपवलं. आम्ही सगळे दारात. गोपाल मोठा माणूस, ट्रॅक्टरवर आठ तास बसणारा. तो आधी सरळ पडला. मग थोडा डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मग एक गोळा त्याने कोपराने ढकलून पाहिला, तो दुसरीकडून वर आला.

“हे कोणती गादी होय, खाला? अंदर गोटे भरले काय? इच्यावर कोण झोपते?”

“मी झोपतो. अडतीस साल झाले. अन् माझ्याआधी दोन महिने तुई माय झोपली.”

गोपाल उठून बसला.

“तुझ्या आबाजीचा कापूस होय,” खाला म्हणाली. “लय चांगला कापूस. मायी चूक. मले माहीत होतं का हा गादीत बसते, तरी भरला, काहून का नाही म्हणता आलं नाही. तुझ्या घरी जे गादी आहे थे साध्या रुईची. म्हणून सांगतो. नाही. दिपालीच्या गादीत हा कापूस नाही भरणार मी.”

चाचांनी माझ्याकडे बघून चार बोटं वर केली. चारदा आला म्हणे तो शब्द, मी मोजलाच नव्हता. मी बेबीताईकडे पाहत होते. तिचा पदर तोंडावर गेला होता, आणि खांदे हलत होते. खाला घाबरून एक पाऊल पुढे झाली. पदर खाली आला तेव्हा कळलं की बाई हसते आहे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“आई,” गोपाल म्हणाला, “आबाजी त्या गादीवर थापट्या मारायचे.”

“मग काय सांगत होती मी त्यायले? पाठ मोडली म्हणून?” तिने डोळे पुसले. “वर्षभराचा कापूस होता रे त्यायचा. जाऊ दे म्हणलं, सांगू दे त्यायले. माझं काय जाते. अन् एकदा सांगितलं का मग थांबता येत नाही, पोरायलेही तेच सांगा लागते.” मग ती खालाला म्हणाली, “तू बरं केलं व बाई. मी घरून निघतानीपासून हेच पाहून राह्यलती, आता ही म्हणते का मी म्हणू.”

“आबाजीले शेवटपर्यंत माहीत नव्हतं?” गोपालने विचारलं.

“नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. आणि मग, कोणी न सांगता, तो पुन्हा त्या गादीवर आडवा झाला. तसाच पडून राहिला, एक हात पालथा ठेवून. थापटी मारली नाही. पडल्या पडल्या विचारलं, “अंदर अजून पांढरा असन?”

खालाने कोपऱ्यातला डोरा नखाने सैल केला आणि आतून चिमूटभर काढली. अडतीस वर्षांचा कापूस, गोळा झालेला, पण पांढरा. गोपालने तो हातात धरून ठेवला.

“तुझा कापूस रजईत भरतो,” खाला म्हणाली. “रजईले असाच मऊ पायजे, तिच्यावर कोणी झोपत नाही. खाली माझी मळकी रुई, वरून तुझी पांढरी. चालते?”

गोपालने त्या चिमटीकडे पाहिलं. “मग यातलाही मूठभर टाका तिच्यात. आबाजीचा. पंधरा तारखेपर्यंत होईन?”

“होऊन जाते ना,” खाला म्हणाली, “बऽस.”

तुरीच्या शेंगांचं गाठोडं बेबीताई बाहेर उभ्या गोपालच्या जीपमध्येच विसरली होती. ते घ्यायला मला पाठवलं, आणि जाता जाता चाचांनी आठवण दिली की आठ दिवस आजपासून मोजायचे. कागदावर मी एकच रेघ भरली, बाकीच्या तीन मोकळ्या ठेवल्या. सरांनी विचारलं तेव्हा खालाच्या आवाजात उत्तर तयार होतं, पण गिळावं लागलं. सोमवारी प्रभावतीने बाजारात पुन्हा चिंतामणीच्या नवसाची गोष्ट काढली, नवा मसाला घालून, आणि मला नुसतं मान हलवत उभं राहावं लागलं. आज सहावा दिवस आहे. बोलून दाखवायची बंदी म्हणून हे सगळं लिहून काढलं. लिहिलेलं नकलेत धरायचं की नाही, हे हबीबचाचांना विचारलं आहे. ते म्हणाले, आधी वाचून दाखव. वाचून दाखवलं तर आवाज काढावे लागतील, म्हणजे बंदी मोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून आठ दिवस.